बाळ्या, रफार कुठं गेला?

सांगली
१८ जानेवारी २०२६, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा ऑफिसात माणसं बसली होती, उद्या करतो म्हणालो आणि राहून गेलं. आता इतके दिवस झालेत की फोन करून नुसतं 'काय चाललंय' विचारायची लाज वाटते, म्हणून लिहायला बसलोय. आईचा गुडघा आहे तसाच, माझी बीपीची गोळी चालू आहे, बाकी सगळे बरे.

पण खरं कारण वेगळं आहे. घरात कुणाला सांगता येईना, ताईला सांगितलं तर ती स्वतःलाच बोल लावून घेईल, आणि तुझ्याशिवाय हे कुणाला नीट कळणार पण नाही.

ताईच्या ओम्यानं जूनमध्ये वेबसाईट बनवायचा कोर्स लावला. इन्स्टावर एक जण आहे, लाखांत फॉलोअर, रोज एक रील, समुद्राकाठी लॅपटॉप आणि 'कोडिंग न शिकता महिन्याला दोन लाख'. फी २४,९९९. ताईनं मला विचारलं होतं रे. म्हणाली, तुझं यातलं आयुष्य गेलंय, हा माणूस बरा आहे का बघ, भिशी लागलीय तर भरते. आणि मी काय केलं, फॉलोअरचा आकडा बघितला आणि म्हटलं एवढे लोक मानतात तर असेल काहीतरी, भर. दोन मिनिटंसुद्धा दिली नाहीत. तूच शिकवलं होतंस ना, की जो साईट बनवायला शिकवतो त्याची स्वतःची साईट आधी उघडायची, कंट्रोल यू दाबायचं, सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, वाचायचा, मग ठरवायचं त्याला मास्तर म्हणायचं का. ते मी परवा केलं, पैसे जाऊन सात महिने झाल्यावर. त्याच्या पहिल्या पानावरचा फोटोच ११ एमबीचा, हेडिंगच्या जागी पण चित्रच चिकटवलेलं.

कळलं कसं ते सांगतो. ओम्याला पहिलं काम मिळालं, मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्याचं, अण्णांच्या ओळखीचे तेच, पांढरी टोपीवाले. पोरानं कोर्सातलं इंग्लिश टेंप्लेट, म्हणजे तयार साचा, टाकलं, त्यात मराठी मॅटर भरलं, आणि दाखवायला मला बरोबर घेऊन गेला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन लांब धरला आणि वाचलं, 'सांगलीची सवात्तम हळद'. मग ओम्याकडं बघून एकदम शांतपणे विचारलं, "बाळा, रफार कुठं गेला?"

मी फोन हातात घेतला. सर्वोत्तममधला रफार गायब आणि 'वो'ची वरची मात्रा पण गायब, नुसता काना उभा. कारण तुला वाचता वाचताच कळलं असेल. टेंप्लेटमध्ये हेडिंग खालून सरकत वर येणारं, म्हणून ओव्हरफ्लो हिडन, म्हणजे चौकटीबाहेर गेलेलं झाकायचं, आणि लाइन हाइट, म्हणजे ओळीची उंची, १. इंग्लिश अक्षराला तेवढ्यात भागतं, आपल्या अक्षराला डोक्यावर वेलांटी-रफार आणि पायाशी उकार लागतो, त्याला जागाच नाही, मग कापलं सगळं. खालच्या ओळीत अक्षरांमध्ये अंतर सोडणारं लेटर स्पेसिंग दिलेलं, त्यानं शिरोरेषेचे तुकडे झालेले, प्रत्येक अक्षर वेगवेगळं टांगल्यासारखं. मी सांगितल्यावर ओम्याला दिसलं, तोपर्यंत त्याला ते दिसतच नव्हतं, आणि तेच मला लागलं. कोर्सात चाळीस व्हिडिओ आहेत, मराठी अक्षराबद्दल एक वाक्य नाही.

रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघं बसलो. लाइन हाइट १.५ केली, ते हिडन काढलं, स्पेसिंग शून्य केलं, फॉन्ट मुक्ता लावला. फॉन्ट कुणी केला विचारायला लागला, तर सांगितलं की मुंबईत 'एक टाइप' नावाची मंडळी आहेत, सारंग कुलकर्णी, गिरीश दळवी, त्यांनी मुक्ता, बलू असे फॉन्ट करून गुगल फॉन्ट्सवर फुकट ठेवलेत, त्यांचं काम आधी बघ. आणि वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेत राहून रिचर्ड इशिदा या माणसानं जगभरच्या लिप्यांची टिपणं केलीत, देवनागरीचं जोडाक्षर कसं जुळतं ते तो असं मांडतो की आपल्या शाळेतल्या बाईंनी पण मान डोलवली असती.

मग त्यानं विचारलं, मामा, तुम्ही कुणाला बघून शिकलात? मला फॉलो करायला यादी द्या.

बाळ्या, या प्रश्नावर मी आठ दिवस अडकलोय. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर नावं लिहायला घेतली आणि पहिल्याच नावाला तू आठवलास. हरभट रोडच्या त्या कॅफेत तू मला सीएसएस झेन गार्डन दाखवलं होतंस, डेव्ह शेचं, २००३ चं. तेच एचटीएमएल, म्हणजे पानाचा मजकूर-सांगाडा, एक अक्षर न बदलता, नुसती सीएसएसची स्टाइलशीट, म्हणजे रंगरूप, बदलली की बाग वेगळी. तू एकेक डिझाइन उघडत होतास आणि मी घड्याळाकडं बघत होतो, तासाला २० रुपये जात होते. त्यातले निम्मे अजून तुझ्याकडून यायचेत, विसरलेलो नाही.

जेफ्री झेल्डमनचं नाव लिहिलं. १९९८ मध्ये 'अ लिस्ट अपार्ट' हे वेब डिझाइनवरचं ऑनलाइन मासिक सुरू केलं त्यांनी, आणि ब्राउझर कंपन्यांनी एकच नियम पाळावा म्हणून वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट उभा करणाऱ्यांत पण ते होते. ईथन मार्कॉट लिहिलं आणि थोडा वेळ थांबलो. २०१० च्या मे महिन्यात त्याचा रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइनचा, म्हणजे एकच साईट फोन-कंप्युटर दोन्हीवर जुळवायचा, लेख तिथंच आला, तू प्रिंट काढून आणलास, पिक्सेल सोडून टक्के वापरायचे, स्क्रीनची रुंदी बघून स्टाइल बदलणारी मीडिया क्वेरी लावायची. आणि मी तुझ्याशी भांडलो, की आपल्या गिऱ्हाइकांकडं बटणाचे फोन आहेत, कोण बघणार साईट फोनवर. दोन दिवस बोललो नाही आपण. ते मी कधी नीट कबूल केलं नाही, आज करतो. तुझं बरोबर होतं. आज माझ्याकडची प्रत्येक साईट फोनवरच बघितली जाते.

क्रिस कॉयर लिहिलं. त्याचं फ्लेक्सबॉक्सचं, म्हणजे सीएसएसमधल्या एका मांडणीच्या पद्धतीचं, गाईड अजून माझ्या टेबलामागं भिंतीला आहे, पिवळं पडलंय. पण यादीत नाव लिहून ओम्याला पाठवू कुठं? सीएसएस ट्रिक्स ही त्याची साईट त्यानं २००२ नव्हे, २०२२ च्या मार्चमध्ये डिजिटलओशन कंपनीला विकली (हात बघ, अजून जुन्या सालातच आहे). त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ट्विटर विकलं गेलं आणि आपली सगळी मंडळी पांगली, कोण मॅस्टोडॉनवर, कोण ब्लूस्कायवर, कोण फक्त स्वतःच्या साईटवर लिहितं. मी परवा जुनी फॉलो यादी उघडून बसलो तर किती जणांची शेवटची पोस्ट दोन-तीन वर्षांपूर्वीची. यात्रा उठून गेल्यावर मैदान असतं ना तसं वाटलं. मॉली होल्झश्लाग तर २०२३ मध्ये गेल्याच, वेबची परीआई म्हणायचे तिला लोक.

आणि मला भीती हीच वाटते. आपल्याला चांगली माणसं सापडली कारण तेव्हा तीच समोर होती. ओम्याच्या फोनवर समोर येतो तो रीलवाला, कारण तो दिवसातनं तीनदा ओरडतो. रेचल अँड्र्यूनं ग्रिड, म्हणजे सीएसएसमधली आडव्या-उभ्या रकान्यांची मांडणी, लोकांना समजावण्यात वर्षं घातली, जेन सिमन्सनं घातली, २०१७ च्या मार्चमध्ये फायरफॉक्स, क्रोम आणि सफारीत एकामागोमाग ग्रिड आलं, त्यामागं या बायकांचे कष्ट आहेत, आणि आपला पोरगा त्यांचं नाव न ऐकता २५ हजार रुपये देऊन ग्रिड न शिकता बाहेर पडतो. मला झोप येत नाही रे याच्यावरनं. फोनमधलं ते यंत्र त्याला कधी रेचल अँड्र्यू दाखवणार नाही, आणि दाखवायचं काम ज्याचं होतं त्या मामानं आकडा बघून 'भर' म्हटलं.

बरं, मी कोड न लिहिता साईट बनवायच्या बिल्डरच्या विरोधात नाही, ते तुला माहितीय, २०१७ चं आपलं मोठं भांडण त्याच्यावरनंच झालं. तू म्हणालास हातानं लिही, मी म्हणालो एलिमेंटरनं तीन दिवसांत साईट होते आणि घराचा हप्ता जातो. यात मी अजून माझ्या बाजूला आहे. पुण्याच्या ब्रेनस्टॉर्म फोर्सचं, वर्डप्रेस या साईट चालवायच्या सॉफ्टवेअरसाठीचं अ‍ॅस्ट्रा थीम, सुजय पवार आणि मंडळींचं, १० लाखांवर साईटवर चालतंय, माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांचं त्याच्यावर आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. राहुल बन्सलची आरटीकॅम्प पण पुण्यातलीच. कंपन्यांना फॉलो करायचंच तर अशांना कर म्हटलं ओम्याला, आणि बाहेरच्यांत वेबफ्लोचे शिकवायचे व्हिडिओ बघ, वेबफ्लो वापरायचं नसलं तरी बघ, बॉक्स मॉडेल इतकं सोपं करून कमी जणांनी सांगितलंय. विक्स, स्क्वेअरस्पेस, शॉपिफाय यांच्या जाहिराती सोड, पण नवीन काय आलं, काय बंद झालं ते त्यांच्याच खात्यावर आधी कळतं, ते वाच.

आणि एकाच्याच पोस्ट वाचू नकोस असं पण बजावलं. २०२४ च्या सप्टेंबरात वर्डप्रेसचा मॅट मुलनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीचं जुंपलं ते तुला माहीत आहे, ऑक्टोबरात वर्डप्रेसच्या प्लगइन यादीतलं डब्ल्यूपी इंजिनचं एसीएफ नाव बदलून सिक्युअर कस्टम फील्ड्स झालं, डिसेंबरात कॅलिफोर्नियाच्या कोर्टानं डब्ल्यूपी इंजिनला वर्डप्रेस डॉट ऑर्गवर पुन्हा प्रवेश द्यायला लावला. त्या तीन महिन्यांत मी फक्त मॅटचं वाचत बसलो असतो तर अर्धीच गोष्ट कळली असती, दुसऱ्या बाजूचंच वाचलं असतं तरी तेच. २००३ पासून या माणसानं आणि माइक लिटलनं जे उभं केलं त्यावर आपलं घर चालतं, म्हणून तर जास्त डोळसपणे वाचायला पाहिजे.

सध्या ओम्याला केव्हिन पॉवेल लावून दिलाय, यूट्यूबवर. समोर बसून कोड टाइप करतो आणि असं का केलं ते सांगतो. कॅनडातला आहे, पण ओम्याला त्याचं इंग्लिश समजतं, हे महत्त्वाचं. अहमद शदीद पण दिला, बारीक चित्रं काढून समजावतो. लेओनी वॉटसन दिली, ती स्वतः बघू शकत नाही, स्क्रीन रीडरवर वेब ऐकते. तिचं बघून ओम्यानं स्वतःहून फोनवर टॉकबॅक, म्हणजे स्क्रीन वाचून दाखवणारी सोय, चालू केलं आणि हळदीची साईट ऐकली. "बटण. बटण. बटण." एवढंच बोलला फोन. पोरगा रात्री १ पर्यंत बसून प्रत्येक बटणाला नाव देत होता. तेव्हा जरा जीव भांड्यात पडला.

आता ते, ज्याच्यासाठी हे पत्र. बटणाला रंग द्यायचा होता. ओम्यानं एडिटरमध्ये 'आरई' टाइप केलं तर खाली यादी आली, रेड, आणि त्याच्याखाली रेबेकापर्पल. त्यानं सहज निवडला आणि विचारलं, मामा, ही रेबेका कोण?

मला लगेच बोलताच आलं नाही. २०१४ चा जून आठवतोय ना. तुझी चिमी १० दिवसांची होती, तू दवाखान्यातनं मेसेज करायचास आणि आपण दोघं एरिक मेयरच्या पोस्ट वाचत होतो. ज्याचं सीएसएस रीसेट आपण प्रत्येक साईटला लावलं, त्याची पोरगी मेंदूच्या कॅन्सरनं गेली, सहाव्या वाढदिवसाच्या दिवशी. सहा वर्षांची झाले की मला बेका म्हणायचं नाही, ते बाळाचं नाव आहे, रेबेका म्हणायचं, असं तिनं सांगून ठेवलं होतं. जगभरच्या लोकांनी तिच्या आवडीचा जांभळा सीएसएसमध्ये घालायचा ठरवला तेव्हा बापानं एवढंच मागितलं, की नाव रेबेका असू दे, काही तास का होईना ती सहा वर्षांची झाली होती. तू त्या रात्री फोन करून काहीच बोलला नाहीस, मी पण नाही, नुसता फोन चालू होता.

हे सगळं ओम्याला सांगितलं. सांगताना आवाज गेला माझा, आई आतनं विचारायला लागली काय झालं. ओम्या बराच वेळ स्क्रीनकडं बघत बसला, मग म्हणाला, एरिक मेयर कुठं लिहितो सांगा, यादीत घालतो. मी त्या पाठकोऱ्या कागदावर त्याचं नाव अगदी वर लिहिलं.

तुझं काय चाललंय? नवी नोकरी जमली का, वहिनींची बदली झाली का, चिमीच्या दातांची तार बसली का, सगळं सविस्तर कळव. भडंग पाठवतोय, तिखट आहे, बाणेरात मिळतं तसलं नाही.

एप्रिलात ९ ते ११ मुंबईत वर्डकॅम्प एशिया, म्हणजे वर्डप्रेसवाल्यांचा मेळावा, आहे, बीकेसीत. ओम्याला न्यायचं ठरवलंय, जी माणसं तो फोनवर बघतो त्यातली चार तरी समोर बघू दे. तू येशील का? डोंबिवलीला मावशीकडं राहू, पूर्वीसारखं. हो म्हणालास तर तीन तिकिटं काढतो.

तुझाच,
पक्या

ता. क. अडत्याला काल साईट परत दाखवली. 'सर्वोत्तम' दोनदा वाचलं आणि म्हणाले, आला रफार. पण जांभळं बटण नको म्हणतात, कुंकवासारखं लाल पाहिजे. ओम्या म्हणतो हळदीच्या पिवळ्यावर जांभळाच उठून दिसतो, आणि दिसतोच. लिंक पाठवतोय, तू बघ आणि त्यांना एक फोन कर, तुझं ते ऐकतात.