थंडरबर्ड पुन्हा रस्त्यावर काढण्याआधी

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

पार्किंगमधल्या तुझ्या रॉयल एनफिल्ड थंडरबर्ड मोटरसायकलवरची धूळ झटकून तू पुन्हा ती चालवणार, हे ऐकून मला मनापासून आनंद झाला. फोनवर तू पहिला प्रश्न विचारलास तो इंजिन कसं सुरू करायचं हा. मी मात्र तुला उलट्या बाजूने सांगतो. गाडी थांबते का आणि रस्ता धरते का, ते आधी बघ. इंजिनाकडे सगळ्यात शेवटी वळ. सुरू झालेलं इंजिन बघितलं की चक्कर मारायचा मोह आवरत नाही, आणि तीच चक्कर जुन्या टायरवर, अडकलेल्या ब्रेकवर होते.

टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २२१३ लिहिलेलं असेल तर तो टायर २०१३ सालच्या २२व्या आठवड्यातला. सहा वर्षांवरचा टायर असेल तर नक्षी कितीही शाबूत दिसो, बदलायचा. रबर आतून कडक होतं आणि ओल्या डांबरावर ते धरत नाही. उन्हाळ्यात कळत नाही, पहिल्या पावसात कळतं. टायरबरोबर ट्यूब आणि रिमटेपही (स्पोकच्या टोकांवर बसणारी रबरी पट्टी) नवी घे. ट्यूबचा टायर पंक्चर झाला की हवा एकदम जाते. जुन्या रिमटेपखाली स्पोकची गंजलेली टोकं ट्यूबला घासत असतात, म्हणून पंक्चरवाल्याने टायर उतरवला की रिम आतून बघच. मग प्रत्येक स्पोकवर पाना हलका आपट. जो बद्द वाजेल तो सैल.

ब्रेकला सगळ्यात जास्त वेळ दे. तुझ्या गाडीला पुढे-मागे दोन्हीकडे डिस्क आहे आणि एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. ओलावा शिरला की ते कमी तापमानाला उकळतं, नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि घाट उतरताना लिव्हर सरळ मुठीला टेकतं. डबीच्या काचेतून ऑइल चहासारखं काळपट दिसलं तर ते कधीचंच संपलंय. वरून भर घालून भागणार नाही. दोन्हीकडचं सगळं काढायचं, सीलबंद बाटलीतलं डॉट ४ भरायचं आणि बुडबुडे थांबेपर्यंत ब्लीडिंग करायचं, म्हणजे नळीतली हवा काढायची. हे ऑइल रंग खातं, त्यामुळे टाकीवर ओलं फडकं टाकून ठेव.

उभ्या गाडीत कॅलिपरचे (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) पिस्टन सीलला चिकटून बसतात. गाडी मधल्या स्टँडवर घे, चाक हाताने फिरव, ब्रेक दाब आणि सोड. चाक लगेच मोकळं फिरलं पाहिजे. जड फिरलं तर कॅलिपर खोलायचा, पिस्टन साफ करायचे, सीलचा किट नवा घालायचा. सरकत्या पिनांना सिलिकॉन ग्रीस लाव. साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि महिन्याभरात ब्रेक पुन्हा अडकतो. पॅड जाड दिसले तरी वरचा थर काचेसारखा चकचकीत झाला असेल तर नवेच टाक. इथे पैसे वाचवू नकोस.

चेनला खालच्या बाजूला मधोमध २५ ते ३० मिलिमीटर खेळ हवा. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी माप. एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल असेल तर चेन गेली. मग स्प्रॉकेटसकट पूर्ण किट बदल. झिजलेल्या दातांवर नवी चेन लवकर खराब होते. पुढचं चाक उचलून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू फिरव. मधोमध अडखळलं तर कोन सेट, म्हणजे हँडलचे बेअरिंग, बदलायला झालाय. पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर तेलाचा ओला कडा दिसला तर ऑइल सील गेलंय, आणि ते तेल गळत खाली डिस्कवर उतरतं.

आता पेट्रोल. टाकी २० लिटरची आहे, त्यामुळे जुनं पेट्रोल बरंच निघेल. ते सगळं काढ. उग्र, वार्निशसारखा वास येत असेल तर ते कार्ब्युरेटरमध्ये जाऊच देऊ नकोस. टॉर्च मारून टाकीचा तळ बघ. गंज दिसला तर टाकी काढून साफ करून घ्यावी लागेल, नाहीतर दर आठवड्याला जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) तुंबेल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्याला चालतील असे रबरी भाग घालून गाड्या बनू लागल्या त्या एप्रिल २०२३ पासून. तुझी त्याच्या दहा वर्षं आधीची. म्हणून पेट्रोलची नळी आणि कार्ब्युरेटरमधले ओ-रिंग बदलूनच घे. इथेनॉल पाणी ओढतं, तेव्हा पुढेही गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल खालच्या स्क्रूने काढून टाकत जा.

कार्ब्युरेटर साफ करणाऱ्याला एक गोष्ट ठणकावून सांग: जेटमध्ये तार घालायची नाही. भोक किंचित मोठं झालं तरी मिश्रण कायमचं बिघडतं. क्लीनर आणि दाबाची हवा पुरते. कार्ब्युरेटरमधला व्हॅक्यूमचा रबरी पडदा उजेडासमोर धरून बघ. सुईएवढं छिद्र असलं तरी गाडी अर्ध्या अ‍ॅक्सिलरेटरच्या पुढे ओढत नाही. चोक ओढल्याशिवाय आयडलिंग टिकत नसेल तर पायलट जेट तुंबलाय. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सर फटफटत असेल तर आधी कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर चिरलंय का ते तपास.

एवढं झालं की मगच इंजिन. जुनं ऑइल काढ, फिल्टर आणि त्याचे ओ-रिंग नवे घाल. १५ डब्ल्यू ५० ऑइल आधी दोन लिटरच ओत, मग गाडी सरळ उभी करून काचेत पातळी बघत थोडं थोडं वाढव. ऑइलच्या डब्यावर जासो एमए लिहिलेलं हवं. क्लच त्याच ऑइलमध्ये भिजतो, मोटारीचं ऑइल घातलं तर तो घसरतो. या सिलेंडरला दोन प्लग आहेत. दोन्ही काढ, एकाच भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोड आणि गाडी मधल्या स्टँडवर टॉप गिअरमध्ये ठेवून मागचं चाक हाताने दहा-पंधरा वेळा फिरव. रात्रभर तशीच राहू दे. पिस्टनच्या कोरड्या रिंगा सिलेंडरच्या कोरड्या भिंतीवर एकदम धावल्या तर ओरखडे पडतात.

सुरू झाल्यावर टकटक ऐकू येईल. घाबरू नकोस. याचे टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) हायड्रॉलिक आहेत, त्यांच्यात ऑइल भरेपर्यंत ते वाजतात. काही मिनिटांत आवाज थांबला पाहिजे. इंजिन गरम झाल्यावरही तो वाढत गेला तर बंद करून मेकॅनिकला बोलाव. सुरुवातीला क्लच दाबूनही पहिल्या गिअरला गाडी झटका देऊन बंद पडेल, कारण क्लचप्लेटा एकमेकींना चिकटलेल्या असतात. इंजिन बंद ठेव, गिअर टाक, क्लच दाबून गाडी पुढे-मागे ढकल, म्हणजे सुटतील. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर ऑइल पुन्हा बदल. आतला साठलेला ओलावा आणि मळ त्यात उतरलेला असतो.

बॅटरी रात्रभर चार्ज करून काही तास तशीच ठेव आणि मग मल्टिमीटर लाव. १२.६ व्होल्ट हवेत. १२ च्या खाली गेली तर नवी घे. इंजिन चालू करून थोडा रेस दिल्यावर १४ च्या आसपास दिसलं पाहिजे; १५ च्या वर जात असेल तर आरआर युनिट (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) बिघडलंय आणि ते नव्या बॅटरीलाही खाईल.

कागदपत्रांचं थोडक्यात. लायसन्सची मुदत संपून वर्ष उलटलं असेल तर नूतनीकरणाला पुन्हा चाचणी द्यावी लागते, तेव्हा तारीख आजच बघ. थर्ड पार्टी विमा, पीयूसी आणि नवी सुरक्षा नंबरप्लेट हवीच. आरसीची १५ वर्षं २०२८ मध्ये संपतील. हेल्मेट जुनं वापरू नकोस. आयएसआय शिक्क्याचं नवं घे, डोकं हलवलं तरी जागचं हलणार नाही असं.

आता तुझ्याकडे वळतो. कार चालवून रस्त्याची नजर तयार राहते, हातापायाची सवय मात्र जाते. गाडी १९० किलोच्या वर आहे. पहिले काही दिवस इंजिन बंद ठेवून ती नुसती ढकल, वळव, स्टँडवर घे. मग मोकळ्या मैदानात हाफ क्लच आणि मागचा ब्रेक यांवर चालण्याच्या वेगाने आठचा आकडा काढ. नजर चाकापुढे नको, जिथे जायचंय तिथे हवी. नंतर ब्रेक: ताशी ३० ला, हात बसला की ५० ला. पुढचं लिव्हर झटक्याने नाही, पिळत पिळत दाबायचं. वजन पुढच्या टायरवर आलं की मगच जोर वाढवायचा. पुढचं चाक लॉक झालं तर त्याच क्षणी सोड. ६० च्या वेगात तुझा हात लिव्हरवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी १६-१७ मीटर पुढे गेलेली असते. हे अंतर मैदानात पावलांनी मोजून बघ.

साताऱ्याला गाडीवर येईन म्हणालीस. ये, पण आधी आठवड्याच्या मधल्या दिवशी पहाटे कात्रजचा जुना घाट चार-पाच वेळा चढ-उतर कर, मागे कोणी न बसवता. ज्या गिअरवर चढलीस त्याच गिअरवर उतर आणि ब्रेक वळणाच्या आधी संपव. हायवेवर खंबाटकीच्या चढाला ट्रकच्या मागे चिकटून राहू नकोस. मागून येणाऱ्या ट्रकना वाट दे, पुढे जाऊ दे, मग निघ. परतताना कात्रजच्या नवीन बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर ब्रेक गेलेले ट्रक मागून येतात. शिंदेवाडीहून जुना घाट घे. गळिताच्या हंगामात अंधार पडल्यावर निघूच नकोस: उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, आणि शेतातून निघालेल्या चाकांचा चिखल डांबरावर सांडलेला असतो.

सामान टाकीवर आणि सीटच्या जवळ बांध, मागच्या टोकाला जड बॅग नको, पुढचं चाक हलकं होतं. नवी क्लच केबल जुनीच्या शेजारूनच टाकून टोकं बांधून ठेव, म्हणजे तुटली तर दहा मिनिटांत जोडता येते. बरोबर दोन ट्यूब, दोन प्लग, फ्यूज आणि एक क्लच लिव्हर घे. पहिल्या लांब फेरीनंतर सायलेन्सर, फूटरेस्ट आणि नंबरप्लेटचे नटबोल्ट पुन्हा आवळ; एका सिलेंडरचं इंजिन ते सैल करतंच.

दोन्ही टायरच्या तारखेचे आणि ब्रेक ऑइलच्या डबीचे फोटो काढून आज रात्री पाठव. ते बघून कुठले पार्ट आधी मागवायचे ते सांगतो.

तुझे,
बाबा