सगळ्यात उंच झाडाचा पत्ता छापू नका, प्लीज

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पर्यटन पुरवणीत कॅलिफोर्नियावर जो लेख आलाय त्यात जगातलं सगळ्यात उंच झाड बघायला जाच, लोकेशन नेटवर सहज मिळतं, असं सांगितलंय. ते वाचून अगदी राहवलं नाही म्हणून लिहितोय. ते झाड म्हणजे हायपेरियन नावाचं, रेडवुड जातीचं, तिथल्या रेडवुड नॅशनल पार्कमधलं, उंची जवळजवळ ११६ मीटर, म्हणजे आपला कुतुबमिनार आणि वर त्याच्या निम्म्याहून जास्त. २००६ मध्ये ते सापडलं. पण त्याच्याकडे जाणारी वाट पार्कने कधी केलेलीच नाही आणि २०२२ पासून तर तो अख्खा भाग बंद आहे, पकडलं गेलं तर ५००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत जेल. आपल्याकडचे निम्मे लोक मुलांकडे व्हिजिटर व्हिसावर जातात, त्यांनी असल्या भानगडीत कशाला पडायचं?

दंडाचं राहू द्या, खरं कारण जमिनीत आहे. एवढं प्रचंड झाड पण त्याला सोटमूळ नसतं, मुळं दहा-बारा फुटांच्या खाली फारशी जात नाहीत, आडवी पसरतात, शंभर-शंभर फूट लांब आणि शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंततात. वरून हजारो पाय पडले की माती दगडासारखी घट्ट होते. हायपेरियनच्या बुंध्याशी नेचे उगवायचे थांबले इतकी तिथली जमीन तुडवली गेली, लोकांनी झुडपं मोडून वाटा पाडल्या, कचरा टाकला, टॉयलेट नाही म्हणून तिथेच घाण करून ठेवली. आणि एवढं करून दिसतं काय तर खोड! शेंडा खालून दिसतच नाही, आणि बुंध्याच्या घेराने बघायचं तर त्याच पार्कमध्ये याच्यापेक्षा कितीतरी जाडजूड झाडं रस्त्याच्या कडेला उभी आहेत.

आम्ही दोघं मुलीकडे बे एरियात गेलो होतो तेव्हा हा पार्क केला. सॅन फ्रान्सिस्कोपासून उत्तरेला पाच-सहा तासांचा ड्राइव्ह, हायवे १०१ ने, म्हणून बहुतेक लोक सॅन फ्रान्सिस्कोजवळचं म्युअर वुड्स हे रेडवुडचं जंगल बघूनच परत फिरतात. तेही छानच आहे पण इथली गोष्ट वेगळी. एका बाजूला पॅसिफिक महासागर आणि दुसऱ्या बाजूला दोन-दोन हजार वर्षं जगणारी झाडं, आणि उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नसतो तरी जंगल ओलं, कारण समुद्रावरून धुकं आत येतं, वरच्या पानांना अडकतं आणि थेंब थेंब खाली पडतं. मी हात लावून बघितलं, साल चक्क तंतू तंतू सुटणारी, नारळाच्या सोडणासारखी, काही झाडांना ती फूटभर जाड असते म्हणून वणवा लागला तरी आतलं झाड वाचतं. खाली पडलेलं शंकूसारखं फळ उचलून बघितलं तर द्राक्षाएवढं! ते परत तिथेच ठेवलं, पार्कमधून काही न्यायचं नसतं. एके ठिकाणी मोठ्ठं जुनं खोड कापलेलं होतं आणि त्याच्या कडेने गोल करून त्याच्याच मुळांतून फुटलेली पाच-सहा झाडं उभी, तीसुद्धा मान मोडेपर्यंत वर गेलेली.

आता जी गोष्ट मला लेखात हवी होती ती सांगतो. १९६३ मध्ये नॅशनल जिऑग्राफिकच्या लोकांनी रेडवुड क्रीक या ओढ्याच्या काठावर तेव्हाचं जगातलं सगळ्यात उंच झाड मोजलं, त्याची बातमी झाली, लोक खडबडून जागे झाले आणि १९६८ मध्ये हा नॅशनल पार्क झाला. म्हणजे विक्रमाच्या बातमीने जंगल वाचवलं, हे मान्यच. पण तेव्हा क्रीकच्या काठाची अरुंद पट्टीच पार्कात घेतली होती, वरच्या उतारांवर लाकूडतोड चालूच राहिली, पावसात तिथली माती वाहून क्रीकमध्ये आली आणि काठावरच्या उंच झाडांवरच संकट आलं. शेवटी १९७८ मध्ये आणखी ४८,००० एकर जमीन जोडावी लागली, त्यातली बरीचशी तोडून उघडी पडलेली, ट्रकचे रस्ते काढलेली. ते रस्ते उकरून डोंगराचा उतार पूर्ववत करायचं काम इतकी वर्षं चाललंय. एक झाड वाचवायचं तर त्याच्या वरचा अख्खा डोंगर सांभाळावा लागतो हे तिथे पैसे मोजून शिकले. मूळच्या जुन्या रेडवुड जंगलातलं आता साधारण ५ टक्केच उरलंय.

त्यामुळे माझी विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत दुरुस्तीची छोटी चौकट द्या. ज्यांना चालायला जमतं त्यांनी टॉल ट्रीज ग्रोव्हला (ग्रोव्ह म्हणजे झाडांची राई) जावं, परमिट फुकट असतं पण रोजची संख्या ठरलेली, ऑनलाइन आधी काढावं लागतं. जाताना सगळा उतार आहे म्हणून काही वाटत नाही, येताना मात्र चांगलाच दम लागतो. गुडघे दुखत असतील तर लेडी बर्ड जॉन्सन ग्रोव्ह, दीडेक मैलाची जवळजवळ सपाट वाट, बायकोने ती आरामात केली. फर्न कॅन्यन या घळीलाही उन्हाळ्यात परमिट लागतं, दोन्हीकडच्या उभ्या भिंतींवर नुसते नेचे, आणि पायाखालून पाणी, तेव्हा भिजले तरी चालतील असे बूट घाला. आणि अवाढव्य बुंधेच बघायचे असतील तर पार्कच्याच जेडिडाया स्मिथ भागातल्या ग्रोव्ह ऑफ टायटन्सला जा. १९९८ मध्ये सापडलेली ही झाडं आधी गुपित होती, मग नेटवर पत्ता फुटला, लोकांनी तिथलीही जमीन तुडवली, म्हणून आता जमिनीपासून उचललेला वॉकवे बांधलाय, त्यावरून चाललं की मुळांवर पाय पडतच नाही. नॅशनल पार्कला एंट्री फी नाही हेही लिहा, आपल्या लोकांना ते महत्त्वाचं वाटतं आणि वाटावंच.

लोकेशनची ती ओळ वेबसाइटवरच्या लेखातून तर आजच काढता येईल, तेवढी काढा.

आपला,
एक नियमित वाचक, कोथरूड, पुणे