अण्णांच्या वहीतला कोरा रकाना

ती. आई आणि अण्णांस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं तर आईने आधी "पगार किती?" विचारलं असतं आणि बाकीचं राहून गेलं असतं, म्हणून लिहिते आहे. पगार महिन्याला नऊ हजारांनी कमी. औषध कंपनीतल्या नोकरीचा राजीनामा मी सोमवारी दिला. एक तारखेपासून पुण्यातच डेटा सायन्सच्या कामाला लागते आहे. पिकांच्या आणि बाजारभावाच्या नोंदींचं काम आहे.

अण्णा, राहुरीचं शेतकी शिक्षण वाया गेलं असं मनात आणू नका. दीड वर्ष रात्री जागून पायथॉन ही संगणकाची भाषा आणि संख्याशास्त्र शिकले, तेव्हा सरावाला तुमच्याच वह्या घेतल्या होत्या. लासलगावच्या बाजारात नेलेल्या कांद्याच्या प्रत्येक ट्रॅक्टरची तारीख, क्विंटल, भाव आणि कडेला बारीक अक्षरात शेरा: "माल ओला", "लिलाव बंद".

ऑगस्ट २०२३ च्या पानावर मी अडकले. निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, लिलाव थांबले आणि तुम्ही भावाचा रकाना कोरा ठेवलात. मी तिथे शून्य भरलं, तर सरासरी धाडकन खाली आली. कांदा फुकट गेला नव्हता, विकलाच गेला नव्हता! चूक लगेच सापडली, कारण त्या दिवसांत कांदाचाळीत बसून आई सडका कांदा निवडत होती आणि मी तिच्या शेजारी होते.

८ डिसेंबरला निर्यातबंदी आली, तिथे मात्र माझं गणित पार कोसळलं. लाल कांदा नुकता बाजारात येत होता. मागच्या भावांवरून पुढचा भाव सांगणाऱ्या मॉडेलला दिल्लीचा आदेश कुठून कळणार? तुमच्या शेऱ्यात तो होता. हे काम चाळ न पाहिलेल्या माणसांवरच सोडून द्यावं, असं मला आता वाटत नाही.

आई, भीती मलाही वाटते. एकतिसाव्या वर्षी बावीस-तेवीसच्या मुलांबरोबर पहिल्यापासून सुरुवात करायची आहे. पण सोसायटीच्या कर्जाचा हप्ता मीच भरणार, त्यात खंड पडणार नाही.

दिवाळीला येते. माळ्यावरच्या जुन्या वह्या खाली काढून ठेवा, वाळवी लागलेल्याही टाकू नका. अण्णा, काही शेऱ्यांचं अक्षर मला लागत नाही. तेवढे शेजारी बसून वाचून दाखवा.

तुमची लेक