मंत्रीमहोदय, धुळीचं झालं, आता धुराचं बघा

मा. पर्यावरणमंत्री, महाराष्ट्र शासन,
सप्रेम नमस्कार.

मी नवी मुंबईत कोपरखैरणेला राहतो, ठाणे-बेलापूर रोडच्या पलीकडे एमआयडीसी, त्यामुळे पत्राचा विषय तुमच्या लक्षात आलाच असेल, पण सुरुवात जरा लांबून करतो, एकदम उत्तर ध्रुवावरून. हसू नका.

ढग नुसत्या वाफेचा होत नाही, वाफेला बसायला कण लागतो, मग तो मिठाचा असो नाहीतर धुराचा. कण वाढले की तेवढंच पाणी जास्त कणांत वाटलं जातं आणि थेंब बारीक होतात. बारीक थेंबांचा ढग जास्त पांढरा, ऊन वरच्या वर परत फेकतो. मग धूर चांगलाच की, असं कोणी म्हणेल! पण ध्रुवावर हिवाळ्यात सूर्यच उगवत नाही, ऊन फेकणार कुठून, तिथे तोच ढग गोधडीसारखा वागतो, जमिनीची उष्णता वर जाऊच देत नाही, आणि ढग पातळ असून त्यात बारीक थेंब भरपूर असले तर अजूनच अडवतो. अलास्काच्या उत्तर टोकाला मोजून २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी हे दाखवलंय. शिवाय काजळी बर्फावर पडते ती वेगळीच, काळं पडलेलं बर्फ ऊन पितं आणि लवकर वितळतं. १९७९ पासून आर्क्टिक, म्हणजे उत्तर ध्रुवाभोवतीचा भाग, जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापलंय, त्याला कारणं बरीच आहेत, धूर त्यातलं एक.

आता आमच्या शेजारच्या रबाळ्याच्या चिमणीने ध्रुव वितळवला असं मी म्हणत नाहीये. तिकडे जमिनीलगत जो धूर साचतो तो बराचसा युरोप-रशियाकडचा, आपल्या भागातला पोचतो तो उंचावरून, थोडा थोडा. माझं म्हणणं एवढंच की तिथे ढगात शिरणारा आणि इथे आमच्या छातीत शिरणारा कण एकाच जातीचा आहे, जळण्यातून निघालेला, मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही, लहान. आणि आपली सगळी धावपळ चालू आहे धुळीमागे.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ ला आला, नवी मुंबई त्यात आहे, टार्गेट काय ठेवलं तर २०२५-२६ पर्यंत पीएम १०, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतचे कण, धूळ त्यातच येते, चाळीस टक्के कमी. म्हणून मग पाणी फवारणाऱ्या गाड्या फिरतात, रस्ते झाडले जातात. चांगलंय, धुळीचाही त्रास आहेच, बांधकामं काय कमी आहेत का. पण आमच्या खिडकीच्या ग्रिलवर ओलं फडकं फिरवून बघा, दिवसाची धूळ तपकिरी असते आणि एका धुण्यात निघते, रात्री जे बसतं ते काळं आणि चिकट, साबण लावला तरी फडक्यावर डाग राहतो. ते फवाऱ्याने खाली बसत नाही साहेब. रात्री अकरानंतर कुठेतरी काहीतरी जाळतात, भंगार, रबर, देव जाणे, तक्रार केली की माणूस दुसऱ्या दिवशी अकरा वाजता येतो आणि "आत्ता तर काही नाही" म्हणून जातो!

गंमत म्हणजे ध्रुवाजवळ नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २००८ पासून भारताचं 'हिमाद्री' स्टेशन आहे, गोव्याची सरकारी संस्था ते चालवते, आपल्या शास्त्रज्ञांनी तिथे जाऊन हवेतला काळा कार्बन, म्हणजे काजळी, मोजलाय. आणि आपल्या एक्यूआयमध्ये, म्हणजे हवा किती खराब ते सांगणाऱ्या आकड्यात, आठ प्रदूषकं धरतात, त्यात काळा कार्बन नाहीच. म्हणजे ध्रुवाजवळच्या काजळीचा आकडा आपल्याकडे आहे आणि आमच्या चौकातल्या बोर्डावर तो बघायला मिळत नाही.

एक्यूआयमध्ये काय धरायचं ते दिल्लीत ठरतं हे मला माहितीये. पण राज्याला स्वतःहून मोजायला कोणी अडवलेलं नाही, तेव्हा ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि तळोज्याला काळा कार्बन मोजणारी मशीन बसवा, आकडा तासातासाला लोकांना दिसू द्या. तो रात्री किती वाजता चढतो ते कळलं की पथक त्याच वेळेला पाठवा, सकाळी नको. आणि स्वच्छ हवेच्या पैशातला किती धुळीवर गेला आणि किती धुरावर, तो हिशोब वॉर्डप्रमाणे वेबसाइटवर टाका.

कळावे,
कोपरखैरणेचा एक रहिवासी