सूचना : माल पाठवण्याचे दिवस खरे लिहा

सर्व घाऊक विक्रेते सभासदांसाठी,

ऑर्डरसमोर सवयीने "२ दिवस" लिहू नका. आपले दिवस ऑर्डर पक्की झाल्यापासून माल ट्रान्सपोर्टच्या हाती देईपर्यंतचे. पुढचा रस्त्याचा वेळ वेगळा सांगा. बहुतेक तक्रारी हे दोन्ही एकत्र केल्यामुळेच येतात.

मागच्या २० ऑर्डरींची बिलं आणि बिल्ट्या (ट्रान्सपोर्टच्या पावत्या) समोर घ्या. प्रत्येकीला किती दिवस लागले ते चढत्या क्रमाने लिहा आणि अठरावा आकडा धरा. सरासरी धरू नका, कारण तिच्यात उशिरा गेलेल्या ऑर्डरी लपतात. तयार माल आणि ऑर्डरप्रमाणे शिवून किंवा छापून द्यायचा माल, दोन्हींची यादी वेगळी करा. दुपारी २ नंतरची ऑर्डर दुसऱ्या दिवसात मोजा.

परराज्यात जाणाऱ्या ५०,००० रुपयांवरील मालाचं ई-वे बिल (माल वाहतुकीसाठी लागणारं जीएसटीचं ऑनलाइन कागदपत्र) गाडी नंबर मिळाल्याशिवाय पूर्ण होत नाही. गाडी संध्याकाळी लागत असेल तर तो दिवसही धरा.

रंगपंचमीला इंदूरात राजवाड्याकडे गेर (रंग उधळत जाणारी मिरवणूक) निघते, तेव्हा सियागंज, क्लॉथ मार्केट या बाजारांतून माल उचलला जाईल असं गृहीत धरू नका. त्या आठवड्याचे दिवस आधीच वाढवून ग्राहकाला कळवा.