आल्प्समध्ये किलोमीटर मोजू नका हो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत आल्प्समध्ये ट्रेल रनिंगला, म्हणजे डोंगरवाटांवर पळायला, जाण्याबद्दल लेख आला होता. मराठी पेपरात हा विषय आला म्हणून खूश होऊन चहा घेऊन बसलो, तिसऱ्या परिच्छेदाला चहा राहिला बाजूला. त्यात म्हटलंय की माँ ब्लाँ या आल्प्सच्या सगळ्यात उंच शिखराची प्रदक्षिणा साधारण १७० किलोमीटर, दहा दिवस घेतले तर रोजचे १७, म्हणजे हाफ मॅरेथॉनपेक्षा कमी, त्यामुळे नियमित पळणाऱ्या कुणालाही जमेल. हे गणित सपाट रस्त्याचं झालं हो. त्या वाटेवर एकूण चढच १०,००० मीटरच्या आसपास आहे आणि जितकं चढलात तितकंच उतरायचं. आतकरवाडीतून सिंहगड म्हणजे साधारण सहाशे मीटर, तर दहा दिवस रोज दीड-पावणेदोन सिंहगड, तेही पाठीवर सामान घेऊन, आणि उतरताना गुडघ्यांची काय अवस्था होते ते सिंहगडवाल्यांना मी सांगायला नको.

मी हे शहाणपणाने लिहीत नाहीये, आम्ही स्वतः हेच गणित मांडून गेलो होतो. आम्ही पुण्याचे चौघं, वय चाळीस ते पन्नास, दोघांच्या फुल मॅरेथॉन झालेल्या. एका टूरवाल्याने जूनचा दुसरा आठवडा दिला, तिकीट स्वस्त पडतं म्हणाला, आम्हीही खूश कारण इथला पाऊस चुकतोय. ले कोंतामीन गावातून सकाळी निघालो, नोत्र दाम द ला गोर्जची छोटी चर्च लागली, मग जंगलातून दगडी चढ, सगळं मस्त. ला बाल्मच्या शॅलेपर्यंत, म्हणजे १७०० मीटर उंचीपर्यंत, आलो आणि तिथून पुढे बर्फ. म्हणजे फोटोतला भुरभुरीत नाही, रात्रभर गोठून काचेसारखा झालेला जुना बर्फ, तिरक्या उतारावर, आणि खाली ओढा. कोल म्हणजे आपली खिंड, आणि आम्हाला ओलांडायची होती ती कोल द्यू बोनोम २३२९ मीटरवर आहे. आमच्या पायात पळायचे शूज. वरून एक फ्रेंच आजोबा काठ्या टेकत आणि बुटांना लोखंडी दात लावून उतरत होते, त्यांनी आमच्या शूजकडे बघितलं आणि नुसती मान हलवली. आम्ही परत फिरलो. टूरवाल्याला फोन केला तर म्हणे सर यावर्षी बर्फ जरा जास्त असेल. अहो, त्या उंचीच्या खिंडींत जूनमध्ये बर्फ असतोच, जुलैच्या मध्यापर्यंतसुद्धा काही ठिकाणी पट्टे राहतात. पळायला जायचं तर मधला जुलै ते मधला सप्टेंबर, आणि त्यातही ऑगस्टचा शेवटचा आठवडा टाळलेला बरा, कारण तेव्हा तिथे यूटीएमबी या मोठ्या डोंगरी रेसची जत्रा असते, पायथ्याच्या शामोनी गावात पाय ठेवायला जागा नसते आणि खोल्यांचे भाव विचारू नका.

यूटीएमबीवरून आठवलं. ही रेस २००३ पासून चालू आहे, शामोनीहून निघून इटली आणि स्वित्झर्लंड करून परत शामोनी. अख्खी प्रदक्षिणा एका दमात, वेळ मर्यादा साडेशेचाळीस तास. डोंगरी रेसमधला दिग्गज किलियन जॉर्नेने २०२२ मध्ये ती वीस तासांच्या आत संपवली. लेखात हे असं आलंय की जणू आपण दहा दिवसांत सहज करू कारण तो वीस तासांत करतो. त्याचं वाचून आपला प्लॅन करायचा नसतो. आणि इतकी मोठी रेससुद्धा २०१० मध्ये हवामानामुळे सुरू होऊन काही तासांतच थांबवली होती, २०१२ मध्ये रूट कापून फ्रान्समध्येच ठेवला होता. ज्यांच्याकडे एवढी यंत्रणा आहे ते थांबतात तर तुम्हीआम्ही 'आलोच आहोत तर जाऊन येऊ' म्हणू नये, जे आपल्याकडे पावसाळ्यात दर रविवारी म्हटलं जातं.

मग काय करायचं, तर दोन वर्षांनी जुलैअखेर परत गेलो तेव्हाचं सांगतो. पहिले दोन दिवस पती बाल्कों सूदवर घालवले. ही वाट शामोनी गावाच्या जरा वर जंगलातून जाते, चढउतार आहेत पण घाबरवणारे नाहीत, आणि पाऊस आला तर पटकन खाली उतरता येतं. तिसऱ्या दिवशी ग्राँ बाल्कों सूद. गोंडोलाने प्लांप्राला म्हणजे २००० मीटरवर जायचं आणि तिथून ला फ्लेजेरपर्यंत झाडीच्या वरून जवळपास आडवी वाट, पाचसहा किलोमीटर असेल, आणि पूर्ण वेळ समोर माँ ब्लाँ आणि त्याच्या हिमनद्या. आयुष्यात इतका हळू मी कधी पळालो नाही, कारण दर दोन मिनिटांनी थांबून बघायचो. परत यायला ला फ्लेजेरहूनही केबल कार आहे, फक्त शेवटची केबल कार किती वाजता ते सकाळीच बघून ठेवा, नाहीतर पाय आहेतच. इटलीच्या बाजूला व्हाल फेरे ही दरी आमच्या मते सगळ्यात पळण्याजोगी. कुर्मायोर गावाहून बेर्तोने रिफ्यूजपर्यंत (रिफ्यूज म्हणजे डोंगरातलं मुक्कामाचं घर) साडेसातशे मीटरचा उभा चढ निमूट चालत काढायचा, पण तिथून बोनात्ती रिफ्यूजपर्यंत दोन हजार मीटरच्या आसपास राहणारी कुरणातली वाट आहे, समोर ग्रांद जोरास शिखराची भिंत, गाईंच्या घंटा, आणि पायाखाली घसारा नाही. आमच्यातला एक तर म्हणाला मी इथेच राहतो, ईएमआय तुम्ही भरा.

एक गोष्ट शिकण्यासारखी वाटली. तिथल्या पिवळ्या पाट्यांवर पुढचं ठिकाण किती तासांवर ते लिहिलेलं असतं, किलोमीटर शोधूनही सहसा सापडत नाहीत. म्हणजे पिढ्यान्पिढ्या डोंगरात राहणारी माणसंही अंतर वेळेतच सांगतात, आपल्याकडे गावातले आजोबा 'दोन तासाची वाट हाय' सांगतात तसंच, आणि आपण शहरातले त्यांना हसतो कारण आपल्या घड्याळात जीपीएस असतं. मी पाटीवरचे तास बघून साधारण पाऊण करतो, तेवढंच माझं पळणं. १२ किलोमीटरला साडेतीन तास लागले तर लाज वाटून घ्यायची नाही.

हवामानाचं लेखात एक ओळसुद्धा नाही म्हणून लिहितो. उन्हाळ्यात सकाळ छान असते आणि दुपारनंतर विजा, त्यामुळे खिंड दुपारच्या आत ओलांडायची. गावात २५ डिग्री असेल तर अडीच हजार मीटरवर १५ धरा आणि वर वारा, म्हणजे टोपीवालं वॉटरप्रूफ जॅकेट आणि चंदेरी सर्व्हायव्हल ब्लँकेट पिशवीत हवंच. ब्लँकेट शंभर ग्रॅमचंही नसतं. एका शेंगन व्हिसावर तिन्ही देश होतात, पण स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, तेव्हा युरोपचं म्हणून घेतलेलं सिम तिथे चालतंय का ते आधी विचारा, आमच्या एका मित्राचं खिंडीपलीकडे उतरताच बंद पडलं आणि नकाशा त्याच्याच फोनमध्ये. मदतीला ११२ तिन्हीकडे चालतो. फ्रान्समध्ये डोंगरातल्या सरकारी रेस्क्यूचे सहसा पैसे घेत नाहीत, स्वित्झर्लंडमध्ये हेलिकॉप्टरचं बिल हातात येतं, म्हणून इन्शुरन्समध्ये डोंगरातला बचाव आणि किती उंचीपर्यंत हे वाचून घ्या. आमच्या पहिल्या पॉलिसीत ट्रेकिंगच वगळलेलं होतं आणि आम्हाला ते परत आल्यावर कळलं!

लेखकाला नाउमेद करायचं नाही, उलट अजून लिहावं. फक्त पुढच्या वेळी प्रत्येक वाटेपुढे किलोमीटरच्या शेजारी चढ किती मीटर आणि बर्फ साधारण कधी जातो एवढं छापा, दोन ओळींची जागा लागेल.

आणि जाता जाता, लेखासोबतच्या फोटोखाली 'माँ ब्लाँ प्रदक्षिणा मार्ग' लिहिलंय तो लाक ब्लाँ दिसतोय, २३५२ मीटरवरचा तलाव. मुख्य वाट त्याच्या खालून जाते, तिथे मुद्दाम चढून जावं लागतं. जायलाच हवं असं ठिकाण आहे, पण काही वाटांवर लोखंडी शिड्या आहेत, कुणी त्या फोटोवरून घरच्या लहान मुलांना घेऊन निघायला नको.

आपला,
एक सिंहगडवाला, पुणे