राखणदाराचा पगार कोण देतं?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी बरीच वर्षं कॅनडात, अल्बर्टा प्रांतातल्या कॅल्गरीत राहतोय. इथे तेल कंपन्या कुठे संपतात आणि अल्बर्टाचं सरकार कुठे सुरू होतं हेच कळत नाही आणि कुणाला त्याचं फारसं काही वाटतही नाही, म्हणून हे पत्र.

१९४७ला इथल्या लेड्यूक गावाजवळ तेल लागलं. मग १९७१ ते २०१५ सलग ४४ वर्षं एकाच प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह पक्षाचं राज्य. रॉयल्टी, म्हणजे तेल काढण्याबद्दल कंपन्या सरकारला देतात तो वाटा, येते म्हणून प्रांताचा सेल्स टॅक्स नाही, त्यामुळे तेलाविरुद्ध बोलणारा लोकांना आपल्याच पोटावर पाय देणारा वाटतो. २००७ मध्ये मुख्यमंत्री स्टेलमॅक यांनी रॉयल्टी वाढवायचं ठरवलं तर कंपन्यांनी रान उठवलं, वाइल्डरोझ या अजून उजव्या पक्षाकडे तेलवाल्यांच्या देणग्या वळल्या, आणि २०१०ला सरकारने बरंचसं मागे घेतलं. एनडीपी या डाव्या पक्षाने २०१५ला सत्तेवर आल्या आल्या कंपन्या आणि युनियन दोघांच्याही देणग्या बंद केल्या, ते मला मनापासून पटलं. पण देणग्या थांबल्या म्हणून कंपन्यांचं वजन कमी झालं नाही, २०१९ला उजव्या पक्षाचे केनी मुख्यमंत्री झाले आणि त्यांनी तेलाची बाजू मांडायला सरकारी खर्चाने 'वॉर रूम' नावाचं प्रचार कार्यालय उघडलं, बजेट वर्षाला ३ कोटी डॉलर!

मला सगळ्यात जास्त छळतं ते वेगळंच आहे. कंपन्यांवर लक्ष ठेवणारी जी संस्था आहे, अल्बर्टा एनर्जी रेग्युलेटर, तिचा सगळा खर्च त्याच कंपन्यांकडून गोळा केलेल्या आकारातून चालतो. मे २०२२ मध्ये इम्पीरियल ऑइलच्या कर्ल खाणीत टेलिंग्जचं, म्हणजे तेल वेगळं केल्यावर उरलेल्या गाळाचं, विषारी पाणी झिरपतंय हे दिसलं, पण खालच्या बाजूच्या फोर्ट चिपेवायनच्या आदिवासींना त्याचं खरं गांभीर्य कळलं ते थेट फेब्रुवारी २०२३ मध्ये, तेही दुसऱ्या एका तळ्यातून ५३ लाख लिटर पाणी बाहेर गेल्यावर. मधले नऊ महिने ते लोक त्याच भागात शिकार करत होते, तेच खात होते. रेग्युलेटरने स्वतःहून गावात जाऊन सांगायला काय हरकत होती?

आकार कंपन्यांकडूनच घ्या, पण तो प्रांताच्या तिजोरीत जाऊ दे, तिथून विधानसभेने मंजूर करून रेग्युलेटरला द्यावा, आणि त्याच्या बोर्डावर फोर्ट चिपेवायनची माणसं बसवावीत. निदान गळती झाली की त्याच दिवशी त्यांना फोन जाईल.

आपला एक वाचक,
कॅल्गरी